मिलिटरी कॉलेजला पहिल्या सेमिस्टरला 1.6 जीपीए आला, स्कॉलरशिप टिकते का?

सहसा टिकते. आमच्या मुलाची टिकली, आणि त्याचा जीपीए (म्हणजे 4 पैकी सरासरी ग्रेड) 1.69 होता, म्हणजे त्यानं पण काही फार दिवे लावले नव्हते. तुम्ही लिहिलंय की मुलगी अमेरिकेत मिलिटरी कॉलेजला आहे, आर्मी आरओटीसीची (कॉलेजात शिकता शिकता आर्मी ऑफिसर घडवायचा कार्यक्रम) चार वर्षांची स्कॉलरशिप, 15 क्रेडिटवर 1.6 आला, आणि आम्ही आईवडलांनी तिथल्या ऑफिसरशी बोलावं का. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले. नका बोलू, अजिबात नका.

आमच्या घरचे सरसेनापती (नवरा, साताऱ्याचा, आजोबांपासून घरात फौज, स्वतः मात्र पंचवीस वर्षं डेटाबेस सांभाळतोय) रिझल्ट लागल्यावर जानेवारीत थेट मिलिटरी सायन्स डिपार्टमेंटला फोन लावून मोकळे. पलीकडच्या माणसानं तीनदा नम्रपणे सांगितलं, सर, कॅडेटच्या लेखी संमतीशिवाय मी मार्कांबद्दल बोलू शकत नाही. 1974 चा फेर्पा कायदा आहे, त्यामुळे कॉलेजात गेलेल्या मुलाचे मार्क हे मुलाचे, आईबापाचे नाहीत. यांचं आपलं एकच, फी कोण भरतंय? फी आर्मी भरत होती, पण ते असो. दुसऱ्या दिवशी पोराला ऑफिसात बोलावणं. डोकं भादरलेलं, ताठ उभा, आणि विषय काय तर बाबांचा फोन. त्यानंतर त्यानं दोन आठवडे आमचे फोन उचलले नाहीत, आणि मी त्याला दोष देत नाही.

पण खरी चूक जानेवारीतली नाहीच, ऑक्टोबरातली आहे, आणि ती कुणाची यावर आमच्याकडे अजून वाद आहे म्हणून एकदा इथे आकडे मांडून टाकते.

पहिलं वर्ष तिथे काय असतं ते तुम्हाला माहितीच असेल. नव्या पोरांना रूक म्हणा, रॅट म्हणा, नॉब म्हणा, कॉलेजागणिक नाव वेगळं पण पहाटेची पीटी, बूट, इन्स्पेक्शन, सीनियरांची ओरड सगळीकडे तेच. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत नोव्हेंबरात घरी आला, हौसेनं वरणभात मागितला आणि चार घास खाऊन ताटावरच झोपला, उजवा हात भातात तसाच. मी हात पुसला तरी जाग नाही. असा पोरगा रात्री कॅल्क्युलस काय करणार? ऑक्टोबरातच मिडटर्मला 41 पडले होते तेव्हा मी म्हटलं विषय सोड, डब्ल्यू घे (विषय मध्येच सोडल्याचा शेरा, जीपीएत धरत नाहीत). सोडायची तारीख गेली नव्हती. यांनी फोन हातातून घेतला आणि म्हणाले, आपल्यात मैदान सोडून पळत नाहीत. झालं, पोरगा बापाला घाबरून शेवटपर्यंत लढला आणि एफ घेऊन आला.

आता हिशोब बघा. ए चे 4, बी चे 3, सी चे 2, डी चा 1, एफ चा शून्य, त्याला विषयाच्या क्रेडिटनं गुणायचं. एकूण 16 क्रेडिट. कॅल्क्युलस 4 क्रेडिट एफ, म्हणजे शून्य. केमिस्ट्री 4 क्रेडिट डी, 4 पॉइंट. इंग्लिश 3 क्रेडिट सी, 6. हिस्टरी 3 क्रेडिट बी, 9. मिलिटरी सायन्स 2 क्रेडिट ए, 8. सगळे मिळून 27. 27 भागिले 16, 1.69. आणि कॅल्क्युलस सोडला असता तर 12 क्रेडिट उरतात, फुलटाइमला 12 पुरतात, आणि 27 भागिले 12 म्हणजे 2.25. आर्मीला लागतात 2.0. प्रोबेशन (सुधारायला दिलेली मुदत) नाही, फोन नाही, काही नाही. हा कागद तीन वर्षं आमच्या फ्रीजवर आहे, पाहुणे विचारतात हे काय म्हणून, मी सांगते.

बरं, तुमच्या मुलीचं. पहिल्यांदा 2.0 च्या खाली गेलं की सहसा प्रोबेशनवर टाकतात, एकदम काढत नाहीत. कधीकधी स्कॉलरशिप तात्पुरती थांबवतात, मग त्या सेमिस्टरची फी आणि महिन्याचे 420 डॉलर स्टायपेंड दोन्ही आपल्या डोक्यावर, तेवढी तयारी ठेवा. 15 क्रेडिटवर 1.6 म्हणजे तिचे 24 पॉइंट झालेत, पुढच्या 15 क्रेडिटला 36 हवेत, म्हणजे 2.4. अवघड नाही. नापास झालेला विषय त्याच कॉलेजात परत घेऊ दे, बऱ्याच ठिकाणी नवा ग्रेड जुन्याच्या जागी बसतो. यांनी उन्हाळ्यात घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात करून टाकायचं ठरवलं होतं, पण बाहेरून आणलेल्या विषयाचं साधारणपणे क्रेडिट मिळतं, ग्रेड जीपीएत धरत नाहीत, मग उपयोग काय? पोरानंच रजिस्ट्रारला विचारून हे शोधलं, बापानं नाही. स्प्रिंगला तिथेच परत घेतला, सेमिस्टरला 2.6 आला, जुना एफ गेला आणि एकूण 2.44 झाला.

तिला ऑफिसरनं बोलवायची वाट बघायला लावू नका. रिझल्ट घेऊन स्वतःहून जाऊ दे, कुठला विषय परत, ट्यूटर कधी, हे लिहून नेऊ दे. रडगाणं नको. पीटी छान आहे, सीनियर खूश आहेत, असलं सांगून मार्क वाढत नाहीत.

आणि हो, डब्ल्यूबद्दल वर एवढं बोलले पण ते मनानं घ्यायचं नसतं. आर्मीचा 104-आर म्हणून फॉर्म असतो, चार वर्षांचे सगळे विषय त्यात मांडलेले, एक विषय सोडला तरी आधी तिथल्या ऑफिसरला विचारावं लागतं आणि डिग्री लांबली तर तो वेगळाच घोळ. हे यांचं म्हणणं होतं तेव्हा, आणि तेवढं बरोबर होतं. एअर फोर्सची किंवा नेव्हीची स्कॉलरशिप असती तर 2.0 नाही, 2.5 लागले असते. शिवाय राहण्याजेवणाची सवलत कॉलेज देत असेल तर तिची जीपीएची अट वेगळी असते, तिकडे आमचं लक्षच नव्हतं.

अजून एक, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षांची स्कॉलरशिप असेल तर दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आत बाहेर पडलं तर आर्मीचं काही देणं लागत नाही. त्यानंतर मोडलं तर पैसे परत करा नाहीतर साधा शिपाई म्हणून नोकरीला या. म्हणजे तिला खरंच राहायचंय का हे या उन्हाळ्याच्या आत ठरायला हवं, आणि ते तिनं ठरवायचं. आमच्या पोराला मी त्या मे महिन्यात गाडीत विचारलं, राहायचंय ना रे? हे पुढे गाडी चालवत होते, काही बोलायला तोंड उघडलं, मी मागून खांद्यावर हात ठेवला. पोरगा म्हणाला, हो. यांनी तोंड मिटलं आणि रेडिओ लावला.