ध्यानाला बसतो, तरी ग्रामसभेत तोंड सुटतेच!

आमच्या तालुक्याला मंगळवारी बाजार भरतो. माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बऱ्याच बाया त्याच दिवशी येतात. हातात भाजीची थैली असली की कुठं चालली म्हणून कोणी विचारत नाही. पोळ्यानंतरच्या मंगळवारी एक ताई अशीच थैली टेबलाखाली सरकवून बसल्या. वय चाळिशीचं, तीन वर्षांपासून गावच्या सरपंच. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, रोज पहाटे वीस मिनिटं ध्यानाला बसतो. आठ महिने झाले. तरी राग जात नाई. उलट डोळे मिटले की गावाची सारी भांडणं डोक्यात. माह्यातच काही खोट हाये का?"

आमच्याकडे बायाही 'बसतो', 'जातो'च म्हणतात. आणि हा प्रश्नही फक्त सरपंचांचा नाही. बचत गटाच्या अध्यक्ष, अंगणवाडीच्या ताई, शाळेचे हेडमास्तर, सगळे थोड्याफार फरकानं हेच विचारतात.

त्यांच्या मनाला लागलेली गोष्ट १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतली होती. घरकुलाच्या यादीतून एका म्हाताऱ्या बाबाजींचं नाव कटलं होतं. कटलं ते वरून, ऑनलाइन. सरपंचाच्या हातात काही नव्हतं. बाबाजींनी तेच तिसऱ्यांदा विचारलं आणि ताई भर सभेत बोलल्या, "समजत नाई तं चुप बसा ना!" बाबाजी उठून गेले. त्यानंतर पंचायतीकडे फिरकले नाहीत.

मी आधी झोप, भूक विचारली, जीव नकोसा वाटतो का तेही सरळच विचारलं. विदर्भात हा प्रश्न आडवळणानं विचारून चालत नाही. कोणाचं उत्तर 'हो' असेल तर ध्यानाच्या गप्पा बाजूला ठेवायच्या. डॉक्टर गाठायचा, आणि १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर त्याच दिवशी बोलायचं. ताईंचं तसं काही नव्हतं. झोप लागत होती, जेवण जात होतं. बाबाजींचा चेहरा मात्र जात नव्हता.

मग मी शिकलेलं शिकवलं. राग येताना श्वास तोकडा होतो, छाती धडधडते. अशा वेळी सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांबवला की धडधड उतरते. हे खरं आहे, शरीर तसंच चालतं. पण पुढच्या मंगळवारी ताई हसतच आल्या. "मॅडम, पाण्याच्या टाकीवर चार बाया अंगावर धावून आल्या. मी श्वास मोजू का त्याहिचं आयकू?"

बरोबर होतं त्यांचं. मी त्यांना आणखी एक गृहपाठ देऊन बसले होते, आणि तोही जमला नाही म्हणून त्या आणखी एक खोट मोजणार होत्या.

त्यांचं माहेर तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं. लहानपणापासून संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, खंजिरी, दरवर्षी मोझरीची पुण्यतिथी. तुकडोजी महाराज १९६८ साली ११ ऑक्टोबरला गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. पुण्यतिथी महोत्सवात त्याच मिनिटाला लाखो माणसं जागच्या जागी मौन उभी राहतात. मी विचारलं, "त्या मौनात तुमच्या मनात काय असतं?"

ताई थोड्या लाजल्या. "खरं सांगू? चपला कुठं ठेवल्या. वापस जायले गाडी भेटन का."

"मग ते मौन वाया गेलं म्हणता?"

"असं कसं म्हणता व! तिथं उभं रायलो, हेच मोठं."

यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. मोझरीत मन चपलांकडे गेलं तरी त्या स्वतःला माफ करतात, आणि घरी देवघरासमोर गेलं की नापास करतात. ध्यान म्हणजे डोकं रिकामं करणं, हे खूळ मोबाइलवरच्या व्हिडिओंनी फार पसरवलंय. मन गेलं हे कळणं आणि त्याला परत आणणं, दिवसात शंभर वेळा, एवढीच ती मेहनत. भांडणं आठवतात कारण ती मनात आहेतच. शांत बसल्यावर ऐकू येतात इतकंच. मात्र डोळे मिटले की एखाद्याला जुना आघात आठवून घाबरं होत असेल, तर एकट्यानं जोर करू नये.

मग आम्ही राग कुठून चढतो ते शोधलं. ताईंचे आधी कान तापतात. कान तापणं आणि तोंड सुटणं यात किती वेळ? "चुटकीभर." त्या चुटकीत काय बसवायचं, ते त्यांनीच शोधलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला त्या एकदा अभ्यासदौऱ्यात गेल्या होत्या. तिथली ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं ठरवते. पटेपर्यंत चर्चा चालते. "तिथं कोणालेच घाई नोती," त्या म्हणाल्या. आणि मग, "आपल्या सचिवाले सांगतो. जो बोलन त्याचं म्हणणं पयले प्रोसिडिंगमंधी लिहा, वाचून दाखवा. मंग मी बोलतो."

मला हे कोणत्याही पुस्तकातून सुचलं नसतं. लिहून वाचेपर्यंत कान निवतात, आणि बोलणाऱ्याला आपलं म्हणणं कागदावर दिसतं. बाई सरपंच नरम बोलली तर 'नवराच कारभार चालवते' आणि कडक बोलली तर 'पदाची हवा लागली', असं दोन्हीकडून ऐकणाऱ्या माणसाला तर कागदाची ही आड फारच कामाची.

बाबाजींकडे जायचं मात्र त्या टाळत होत्या. "सरपंचानं माफी मांगतली तं गाव डोक्यावर बसन." मी जा म्हटलं नाही. फक्त विचारलं, पहाटेच्या वीस मिनिटांत सगळ्यात जास्त वेळा कोण येतं?

त्या गेल्या. माझी अपेक्षा होती चहा होईल, डोळे ओले होतील. तसं काही झालं नाही. बाबाजींच्या बायकोनं बस म्हटलं नाही. बाबाजी खाटेवरूनच म्हणाले, "भर सभेत बोलली, आता माह्या वसरीत येऊन माफी मांगते?"

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत माणसं थोडी होती, सोयाबीन काढणीचे दिवस. सुरुवातीलाच ताईंनी सभेसमोर आपली चूक सांगितली आणि सचिवाला ती प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावली. बाबाजी आले होते. ते उठले आणि घरकुलाचं तेच पुन्हा काढलं.

"अकरा मिनिटं बोलले, मॅडम. मी घडी पायली."

"राग नाही आला?"

"आला नं. कानापर्यंत आला." थैलीतून वांगी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "सचिव लिहूनच रायला होता तवा."