संरचनावाद वाचायला घेतोयस? आधी एवढं कर

देरिदा, बार्थ हे फ्रेंच विचारवंत सध्या कपाटातच राहू देत. सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या कर.

१. आधी रूपवाद. १९१७ च्या सुमारास रशियन समीक्षक श्क्लोव्हस्की विचारत होता : ओळखीची वस्तू अनोळखी वाटावी म्हणून लेखक काय करतो? नजर कृतीच्या घडणीवर.

२. मग भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर (पुस्तक १९१६ चं). चिन्हाला, म्हणजे उदाहरणार्थ शब्दाला, अर्थ मिळतो तो इतर चिन्हांहून असलेल्या वेगळेपणातून. संरचनावाद हेच साहित्याला लावतो, कृतीमागची व्यवस्था शोधतो. रूपवाद आणि संरचनावाद यांतला दुवा भाषाशास्त्रज्ञ याकबसन : मॉस्को, प्राग, मग न्यूयॉर्कला मिथकांचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ लेवी-स्त्रोसशी गाठ.

सरावाला आपल्या सिद्धरामेश्वरांची आणि कुंभारकन्येची कथा घे. तिला या योग्याशीच लग्न करायचं असतं. एकीकडे योग, दुसरीकडे संसार, आणि तिचं लग्न लागतं त्यांच्या योगदंडाशी! विरोधी जोडी आणि मधला दुवा, लेवी-स्त्रोसला हवं ते सगळं सोलापुरातच हजर.

नवखे घसरतात ते इथे : दिवस-रात्र, गाव-शहर अशा जोड्या लावल्या की झालं! अरे, त्या जोडीमुळे कथेत काय घडतं ते लिही, नाहीतर तो नुसता तक्ता. लोककथांचा रशियन अभ्यासक प्रॉप, त्यालाही सरसकट संरचनावादी म्हणू नकोस. त्याचं १९२८ चं पुस्तक रूपवादाच्या मुशीतलं. लेवी-स्त्रोसनेच १९६० मध्ये त्यावर टीका केली.

गाइडमधल्या व्याख्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ कर, आत्ता नको.