सोलापुरात लोकसभेच्या आधी हवा कुणाची आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन नुकतेच सोलापुरात आलात, जुळे सोलापूरला खोली घेतलीय, आणि सात रस्त्याच्या टपरीवर एक जण "कमळच" म्हणतो, दुसरा "पंजाच", तिसरा "सगळे चोर". मग खरी हवा कुणाची हे इथल्या माणसाला तरी कळतं का, असा तुमचा प्रश्न.

थोडंफार कळतं, पण टपरीवर उभं राहून नाही. टपरीवरचा माणूस समोरच्याला काय ऐकून चीड येईल ते बोलतो. वाद घालायची हौस आम्हाला दांडगी. "काय बे, तुला काय कळतंय त्यातलं" इथून सुरू होतं आणि चहा कुणाच्या खात्यावर मांडायचा यावर संपतं. मत कुणाला, हा विषय त्यात येऊन निघूनही जातो.

माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. कुठल्या पेठेत ते सांगत नाही, कारण जवळजवळ सगळ्याच बाजूंची उधारी माझ्या वहीत आहे आणि ती मला वसूल करायचीय. वीसेक वर्षांत जी एक गोष्ट शिकलो ती सांगतो: फ्लेक्स किती लागलेत हे मोजू नका, त्याचे पैसे कुणाच्या खिशातून आले ते बघा.

उमेदवाराचा फ्लेक्स म्हणजे काहीच नाही. त्याचा खर्च ठरलेला. लोकसभेला २०१९ मध्ये सत्तर लाखांची मर्यादा होती, २०२४ ला पंच्याण्णव लाखांची. प्रशासन दरपत्रक काढतं, त्या दराने आम्ही बिल बनवतो, खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव टाकतो (ते टाकलं नाही तर छापणाराच गोत्यात येतो, कायदाच तसा आहे). ही ऑर्डर हरणाऱ्याचीही येते आणि जिंकणाऱ्याचीही. बघायचं ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. ज्याला कुणी पाठवलेलं नाही, जो तीन बाय चारचाच फ्लेक्स मागतो, स्क्वेअर फुटामागे रुपया कमी करा म्हणून घासाघीस करतो आणि शेवटी पाचशेच्या चुरगळलेल्या नोटा काढून रोख देतो, तो खरा.

२०१४ ला असली पोरं पहिल्यांदा घोळक्याने आली. वर मोदींचा मोठा फोटो, खाली यांचे गॉगल लावलेले पासपोर्ट फोटो. भाजपच्या उमेदवाराचा फोटो टाकायचा विसर पडायचा, मी आठवण करून द्यायचो. समोर सुशीलकुमार शिंदे, देशाचे गृहमंत्री. सोलापूरच्या कोर्टात शिपाई म्हणून लागलेला माणूस मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्रीय मंत्री होतो याचं कौतुक इथे भाजपवाल्याच्या घरातही आहे. तरी शरद बनसोडे जवळपास दीड लाखाने निवडून आले. मी तेव्हा शिंदेसाहेबांवर पैज लावून बसलो होतो. गल्ल्यातली नोट डोळ्यांना दिसत होती, मनाला पटत नव्हती. सावजी मटणाचं चार माणसांचं बिल भरलं.

२०१९ ला शहाणा झालो असं वाटलं. कमळावर गौडगाव मठाचे जयसिद्धेश्वर महास्वामी, पंजावर पुन्हा शिंदे, आणि तिसरे वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर स्वतः. तेव्हा वर्गणीचे फ्लेक्स वंचितच्या पोरांचे यायचे. वस्तीतून दहा-दहा, वीस-वीस गोळा केलेले, नाणीसुद्धा. निकाल लागला तेव्हा महास्वामींना ५,२४,९८५, शिंदेंना ३,६६,३७७ आणि आंबेडकरांना १,७०,००७ मतं. फरक १,५८,६०८ चा, म्हणजे वंचितच्या मतांहून कमी. लगेच सगळीकडे हिशेब सुरू झाला की "वंचितने पाडलं". मला हा हिशेब कधी पटला नाही. मतं काय कुणाची बँकेतली ठेव आहे? त्या पोरांतली निम्मी तरी तिसरा उमेदवार नसता तर मतदानाच्या दिवशी घरीच झोपली असती. त्यांनी मला नाणी मोजून दिली होती, त्यामुळे एवढं मी छातीठोक सांगतो की ते पंजाचे पैसे नव्हते.

आता २०२४. याची खरी सुरुवात माझ्या दुकानात ऑक्टोबर २०२३ ला झाली. मनोज जरांगे पाटलांचं उपोषण पेटलेलं, आणि मोहोळ, मंगळवेढ्याकडून पोरं यायला लागली. मजकूर एकच, "सर्व राजकीय नेत्यांना गावबंदी". खाली "सकल मराठा समाज" आणि गावाचं नाव. कुणाचाच फोटो नाही! फोटो नसलेला राजकीय फ्लेक्स मी त्याआधी कधी छापला नव्हता. घासाघीस नाही, रोख पैसे, लगेच पाहिजे. एकाला विचारलं, तुमच्या गावात पुढारी येतो तरी का वर्षातून? तो म्हणाला, "येत नाही म्हणूनच तर बोर्ड लावतोय, निदान आता येऊन परत तरी जाईल."

त्यात कांदा आला. आमचा मार्केट यार्ड कांद्याचा मोठा. डिसेंबर-जानेवारीत गाड्यांची रांग लागते, आणि नेमकी ८ डिसेंबरला केंद्राने निर्यातबंदी केली. उठवली ४ मे ला, मतदान ७ मे ला. दक्षिण तालुक्यातले एक मामा पोरीच्या लग्नाचा स्वागत फलक करायला आले होते, त्यांना म्हटलं, "मामा, उठली की बंदी." म्हणाले, "उठली. आता काय, वास घेत बसू? कांदा तर कवाच गेला." फलकाचा साइज त्यांनी दहा बाय आठवरून सहा बाय चारवर आणला. कुठल्या वाहिनीच्या पाहणीने मला इतकं सांगितलं नसतं.

शहरात चित्र वेगळं होतं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये विमानतळासाठी पाडली, त्यावर लिंगायत समाजातला एक गट आतून धुमसत होता, तर दुसरा "विमान आलं पाहिजे" म्हणत होता. एकाच घरात दोन्ही बाजू होत्या. भाजपने माळशिरसचे आमदार राम सातपुते दिले. समोर पंजावर सुशीलकुमारांची मुलगी प्रणितीताई. लगेच "भूमिकन्या विरुद्ध उपरा" सुरू झालं. एक गोष्ट सांगतो, भाजप इथे माणूस सारखा बदलतो. १९९६ ला लिंगराज वल्याळ, पुढे सुभाष देशमुख, बनसोडे, महास्वामी, सातपुते. काँग्रेसमध्ये उलटं, १९९८ पासूनच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवार शिंदेंच्याच घरातला: स्वतः सुशीलकुमार, २००४ ला उज्ज्वलाताई, २०२४ ला प्रणितीताई. म्हणजे एका बाजूला घर पक्कं आणि दुसऱ्या बाजूला चिन्ह पक्कं. मतदार कशाला कंटाळलाय त्यावर निकाल फिरतो.

प्रणितीताई ६,२०,२२५ आणि सातपुते ५,४६,०२८. फरक ७४,१९७. मोठी आघाडी कुठून मिळाली? मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढ्यातून, जिथले गावबंदीचे बोर्ड मी छापले होते. सोलापूर शहर उत्तर या विधानसभा मतदारसंघात कमळच पुढे राहिलं. त्या वेळी मी पैज जिंकलो, आणि इतका फुगलो की दुकानात येईल त्याला भविष्य सांगायला लागलो.

पक्षांच्या भांडणाचं म्हणाल तर ते माझ्या कॉम्प्युटरमध्ये बघायला या. नेत्यांचे बॅकग्राउंड काढलेले फोटो फोल्डरमध्ये असतात. उद्धव ठाकरे २०१९ च्या लोकसभेला मोदींच्या शेजारी होते, २०२४ ला राहुल गांधींच्या शेजारी. अजित पवार पंजाच्या फ्लेक्सवरून उठून कमळाच्या फ्लेक्सवर गेले. धनुष्यबाण एकीकडे, मशाल दुसरीकडे. घड्याळ एकीकडे, तुतारी वाजवणारा माणूस दुसरीकडे. आमचा डिझाइनर पोरगा रोज विचारायचा, "शेठ, आज हे कुणाकडे आहेत?" एक कार्यकर्ता तर जुनीच फाईल उघडायला लावून म्हणाला, "माझा फोटो तोच ठेवा, मागचा रंग तेवढा बदला."

खरी भांडणं मात्र दोन पक्षांत कमीच, एका फ्लेक्सवरच्या दोन फोटोंत जास्त. कुणाचा फोटो वर, कुणाचा खाली, कुणाचा गायब. प्रूफ तीनदा बदलून जातं. त्यात जो गायब होतो त्याच्याकडे लक्ष ठेवा, मतदानाच्या दिवशी तो काय करतो ते महत्त्वाचं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला सोलापूर दक्षिणची जागा महाविकास आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली होती, उमेदवार अमर पाटील. आणि मतदानाच्या दिवशी शिंदे पितापुत्रींनी पाठिंबा जाहीर केला अपक्ष धर्मराज काडादींना! शिवसैनिक चिडले ते चिडले. जागा भाजपच्या सुभाष देशमुखांनी घेतली. शहर मध्य, जिथून प्रणितीताई तीनदा आमदार झाल्या, तिथे काँग्रेस, एमआयएम आणि माकपचे आडम मास्तर असे तिघे वेगवेगळे उभे, कमळ निवडून आलं. लोकसभेला पंजा जिंकला त्या सोलापूरच्या सहा विधानसभा जागांपैकी पाच जागा साडेपाच महिन्यांत भाजपकडे. मोहोळ तेवढं तुतारीकडे राहिलं.

इथे माझी पद्धत साफ आपटली. नोव्हेंबरात मी आघाडीवर पैज लावली होती. खिशातून पैसे घालून कमळाचा फ्लेक्स कुणी नेत नव्हतं, मग मी का घाबरू? बायको म्हणाली, "हरणार तुम्ही. आमच्या भिशीत सगळ्यांच्या खात्यात लाडकी बहीणचे दीड हजार जमा झालेत." मी म्हटलं, दीड हजाराने कुणी मत बदलतं का. तिने मला वर्षातून किती वेळा तिच्या हातात दीड हजार न विचारता ठेवलेत ते विचारलं. मी विषय बदलला.

वीस वर्षांत माझ्या काउंटरवर स्वतःहून राजकीय फ्लेक्स छापायला आलेल्या बायका मी एका हाताच्या बोटांवर मोजीन. अर्धे मतदार माझ्या दुकानाची पायरीच चढत नाहीत, आणि मी हवा सांगत बसलो होतो.

तेव्हापासून एका अक्काशी बोलतो. विडी वळतात, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, शेजारणीशी कन्नड. कुंभारीच्या रे नगरमध्ये त्यांना घर मिळालं. ती योजना आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून लावून धरलेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण करायला स्वतः मोदी आले होते. म्हणजे लाल बावट्याचा लढा, कमळाच्या हातून चावी, आणि लोकसभेला लाल बावटा पंजाच्या प्रचारात. हा गुंता मी अक्कांपुढे मांडला आणि विचारलं, मग मत कुणाला? अक्का म्हणाल्या, "बस कितीची आहे ते सांग आधी. माल टाकायला उशीर झाला तर विड्या छाटतात ते." छाटणं म्हणजे खराब म्हणून बाजूला काढणं, त्याचे पैसे मिळत नाहीत. माझा प्रश्न त्यांनी ऐकलाच नव्हता, किंवा ऐकून सोडून दिला होता.

एक व्यवहारातली सूचना. आधी तुमचं नाव कुठल्या मतदारसंघात लागणार ते बघा. जिल्हा एक असला तरी लोकसभेला तो तिघांत वाटलाय. बार्शी धाराशिवला जोडलीय. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे माढा मतदारसंघात, तेही साताऱ्याच्या फलटण आणि माणसोबत. तिकडचं राजकारण मोहिते-पाटील, माढ्याचे शिंदे, निंबाळकर असं घराण्यांचं, त्याला सोलापूर शहराचं गणित लावू नका. टपरीवर जो तावातावाने बोलतो त्याला आधी गाव विचारा. बहुतेक वेळा तो अकलूजचा किंवा टेंभुर्णीचा निघतो आणि त्याचं मत तुमच्या निकालात मोजलंच जात नाही.

बाकी पुढच्या लोकसभेला हवा कुणाची, हे विचाराल तर सध्या माझ्या दुकानात खिशातून रोख पैसे देऊन माणसं एकच गोष्ट छापून नेतायत, ती म्हणजे वाढदिवस. काल एकाने गल्लीतल्या कुत्र्याचा छापला, त्यावर शुभेच्छुक म्हणून चार वेगवेगळ्या पक्षांची पोरं एका ओळीत, सगळ्यांचे फोटो एकाच साइजचे.