गेमिंगचा संगणक घरी जोडताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी उत्तीर्ण झाला असून अभियांत्रिकीला प्रवेश घेणार आहे. अभ्यासाबरोबर गेमही खेळता येतील असा संगणक त्याला हवा आहे. मॉनिटर सोडून साठ हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची आमची तयारी आहे. दुकानदाराने दिलेल्या यादीत आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबी एसएसडी आणि एसएमपीएससह (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) रंगीत दिव्यांचे कॅबिनेट असे लिहिले आहे. अधिक विचारले असता प्रोसेसर चौथ्या पिढीचा आणि कार्ड जीटी ७३० असल्याचे कळले. ही यादी घ्यावी का? मुलगा म्हणतो की सुटे भाग आणून घरीच जोडू.
— एक पालक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : ही यादी घेऊ नये. आपण पिढी आणि मॉडेल विचारून घेतलेत हे फार बरे केले, कारण ‘आय७’ आणि ‘४ जीबी’ या दोन शब्दांवर आपल्याकडे अजूनही असे जुने संगणक विकले जातात. चौथ्या पिढीचे आय७ प्रोसेसर २०१३ च्या सुमारास बाजारात आले. त्यांना डीडीआर३ रॅम लागते, जी आज नव्या मदरबोर्डवर बसत नाही. विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २०२२ मध्ये आलेला आय३-१२१००एफ हा प्रोसेसर त्या जुन्या आय७ इतकेच, म्हणजे चार कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामे) घेऊन येतो, तरीही वेगात त्याला सहज मागे टाकतो. त्यामुळे नावातील ३, ५, ७ या आकड्यापेक्षा पिढी आधी पाहावी.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट याहून वाईट आहे. जीटी ७३० हे २०१४ चे कार्ड असून नव्या गेमसाठी त्याचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) मिळणे २०२१ पर्यंतच बंद झाले. त्यावर ४ जीबी मेमरी बसवलेली असली तरी ती मेमरी मंद आहे आणि मूळ चिप इतकी दुबळी आहे की ती मेमरी वापरण्याची वेळच येत नाही. मॉनिटरवर चित्र दिसावे एवढाच त्याचा खरा उपयोग आहे.

आपल्या रकमेत आम्ही पुढीलप्रमाणे निवड करू. प्रोसेसर म्हणून एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोर आणि बारा थ्रेडचे. ज्याचा भाव त्या आठवड्यात कमी असेल तो घ्यावा. दोघांच्याही पेटीबंद आवृत्तीत पंखा येतो आणि तो पुरेसा असतो. पेटीशिवाय सुटा मिळणारा ‘ट्रे’ प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, परंतु त्याला उत्पादकाची नेहमीची तीन वर्षांची वॉरंटी मिळत नाही, म्हणून तो टाळावा. या दोन प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाशिवाय पडद्यावर काहीही दिसणार नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

गेमिंगच्या संगणकात सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असायला हवा. एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत तो गेला तरी बिघडत नाही. १०८० रेषांच्या साध्या मॉनिटरसाठी आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे कार्ड या रकमेत आजही समाधानकारक आहे. मात्र आपला मुलगा संगणकशास्त्र किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शाखेकडे जाणार असेल, तर आम्ही एनव्हिडियाचे कार्ड सुचवू, कारण त्या अभ्यासातील बरीच साधने एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीवर बेतलेली आहेत. आरटीएक्स ३०६० ची १२ जीबीची आवृत्ती रकमेत बसली तर उत्तम, नाहीतर ८ जीबीचे आरटीएक्स ३०५०. त्याच नावाची ६ जीबीची आवृत्तीही विकली जाते. ती केवळ मेमरीत नव्हे, चिपच्या ताकदीतही कमी आहे, म्हणून बिलावर आकडा लिहून घ्यावा.

रॅम १६ जीबी पुरे, परंतु ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. एकच पट्टी लावली तर प्रोसेसर आणि रॅममधील निम्माच मार्ग वापरला जातो आणि अनेक गेममध्ये वेग जाणवण्याइतका घटतो. २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरची मागणी वाढल्याने रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे जुन्या भावपत्रकावर विसंबून हिशेब मांडू नये आणि अगदीच ओढाताण झाली तर दिव्यांचे कॅबिनेट सोडावे, एसएमपीएसला हात लावू नये. रायझनसाठी बी५५० किंवा बी४५० मदरबोर्ड चालेल. बी४५० घेतल्यास त्याचे बायोस (मदरबोर्डमधील मूळ प्रोग्राम) अद्ययावत असल्याची खात्री दुकानातच करून घ्यावी, नाहीतर घरी आणल्यावर प्रोसेसर ओळखलाच जात नाही. एसएसडी एनव्हीएमई या वेगवान प्रकारची घ्यावी.

राहिला एसएमपीएस, आणि आमच्या मते मराठवाड्यात संगणक जोडताना पहिला विचार त्याचाच व्हायला हवा. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेले असले तरी तेवढा भार तो सुरक्षितपणे पेलेल याचा भरवसा नसतो, आणि तो जळताना मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. ५५० वॉटचा, ‘८० प्लस ब्राँझ’ प्रमाणित (वीज कमी वाया घालवत असल्याचा दाखला) आणि किमान तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असलेला वेगळा एसएमपीएस घ्यावा. त्याच्या बाजूच्या पट्टीवर इनपुट काय लिहिले आहे तेही वाचावे. काही स्वस्त मॉडेलवर ‘२००–२४० व्होल्ट’ असे असते. शेतातले पंप सुरू झाल्यावर ज्या गावात दिव्यांचा प्रकाश उतरतो, तेथे असा एसएमपीएस वारंवार बंद पडेल. ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलेला घेतला तर उतरलेल्या दाबावरही तो काम करत राहतो.

घरी जोडण्याची मुलाची इच्छा जरूर मान्य करावी. एका पेचकसाने होणारे काम आहे आणि त्यातून तो जे शिकेल ते पुढे कामाला येईल. रायझन ५ ५६०० च्या पोटाशी बारीक पिना असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो नुसता ठेवायचा असतो. तो आपल्या वजनाने खाली बसतो. बसत नसेल तर दाबू नये, उचलून पुन्हा ठेवावा. जोडणी झाल्यावर दोन गोष्टी नेहमी राहून जातात. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावायची असते, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, सुरू करायचे असते. ते केले नाही तर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते आणि दिलेल्या पैशाचा उपयोग होत नाही.

प्रश्न : आमच्या गावात वीज दिवसातून अनेकदा जाते. घरात इन्व्हर्टर आहे, तरी वीज जाताच संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. शिवाय कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखा झटका बसतो. नवीन गेमिंग संगणक जोडण्याआधी काय करावे?
— एक वाचक, ता. वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : आपल्या प्रश्नातील दुसरा भाग अधिक गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतील गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पत्र्याकडे जोडलेले असतात आणि त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर सुमारे निम्मा, म्हणजे ११० व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह फार थोडा असल्याने आपल्याला फक्त मुंग्या येतात. परंतु याचा अर्थ असा की उद्या एसएमपीएसमध्ये खरोखरचा बिघाड होऊन फेज पत्र्याला टेकला, तर तो प्रवाह वाहून नेण्यास माणसाशिवाय दुसरी वाट नाही. म्हणून पायात चप्पल घालून किंवा लाकडी पाटावर बसून भागवू नये.

आधी एक्स्टेंशन बोर्ड पाहावा. थ्री-पिनची जाड पीन कापलेली असते किंवा टू-पिनचा जोड लावलेला असतो, असे आपल्याकडे घरोघरी आढळते. ते ठीक असेल तर परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावी. आपल्या भागातील काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, त्यामुळे खड्ड्यातील पट्टी किंवा पाइप आणि माती यांचा संपर्क सुटतो आणि पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग मे महिन्यात निकामी होते. कोळसा आणि मीठ घालून केलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी सोडणे हा जुना उपाय आजही योग्य आहे. अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि मानू नये. न्यूट्रल तुटली की घरातील प्रत्येक पत्र्यात पूर्ण दाब उतरतो.

आता बंद पडण्याविषयी. वीज गेल्यावर एसएमपीएस आपल्यातील साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो आणि त्याहून उशिरा इन्व्हर्टर लागला तर संगणक बंद होतो. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे बटन असते. ते यूपीएसवर ठेवावे. मात्र त्या स्थितीत दाब थोडा उतरला तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, त्यामुळे जिथे दाब कायम कमी असतो तिथे बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. अशा गावात संगणकापुरता वेगळा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस (दाब थोडा उतरला तरी बॅटरीवर न जाता तो सावरणारा) घेणे हेच बरे.

त्याचे माप ठरवताना हिशेब करावा. रायझन ५ ५६०० पूर्ण भारावर सुमारे ७५ वॉट घेतो, आरएक्स ६६०० सुमारे १३० वॉट, उरलेले भाग मिळून ५० वॉट धरावेत. एसएमपीएसमधील घट आणि मॉनिटर धरून भिंतीवरून ओढला जाणारा भार ३३० वॉटच्या घरात जातो. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर, यूपीएसच्या क्षमतेचे माप) यूपीएस जास्तीत जास्त ३६० वॉट देतो. नवी बॅटरी असताना तो कसाबसा पुरेल, वर्षभराने पुरणार नाही. १००० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्यावा. काही चांगल्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची पायऱ्यांसारखी लहर मानवत नाही आणि ते बॅटरीवर जाताच बंद पडतात, म्हणून विकत घेण्यापूर्वी शक्य असल्यास आपला संगणक जोडून, गेम सुरू ठेवून, प्लग काढून पाहावा.

प्रश्न : परभणीचा उन्हाळा लक्षात घेता वॉटर कूलिंग आवश्यक आहे का?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : नाही. सहा कोरच्या प्रोसेसरसाठी ते पैसे वाया जातात. खोलीच ४२ अंशांवर असेल तर कोणतीही व्यवस्था भागांना त्याखाली आणू शकत नाही, कारण वॉटर कूलिंगही शेवटी खोलीतील हवेनेच थंड होते. समोर काचेऐवजी जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे, पुढून हवा आत घेणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक पंखा लावावा, आणि महिन्यातून एकदा जाळीवरील धूळ झटकावी. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे; खेळताना तो ७५ ते ८० पर्यंत गेला तर घाबरू नये. खोलीत पाण्याचा कूलर असल्यास त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, कारण बोअरच्या जड पाण्याचे सूक्ष्म थेंब आत जाऊन वाळले की क्षारांचा पांढरा थर बसतो.

प्रश्न : हैदराबादहून जुने ग्राफिक्स कार्ड निम्म्या किमतीत मिळत आहे. घ्यावे का?
— एक वाचक, देगलूर (जि. नांदेड)

उत्तर : देगलूरहून हैदराबाद जवळ आहे आणि सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये माल भरपूर असतो, त्यामुळे प्रत्यक्ष जाऊन, कार्ड चालवून पाहणार असाल तर विचार करण्यास हरकत नाही. कुरिअरने मागवू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर सतत गणिते चालवून ते मिळवणे) बंद झाल्यावर दिवसरात्र चाललेली कार्डे मोठ्या संख्येने जुन्या बाजारात आली आणि ती आजही हातोहात फिरत आहेत. मायनिंगला वापरलेले प्रत्येक कार्ड खराब असते असे नाही, परंतु त्यांचे पंखे आणि मेमरीवरील उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड झिजलेले असण्याची शक्यता मोठी असते.

दुकानात जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवून चिपचे नाव आणि मेमरी जुळते का ते पाहावे, कारण जुन्या चिपचे बायोस बदलून तिला नव्या कार्डाचे नाव देण्याचे प्रकार घडतात. त्यानंतर एखादा जड गेम किमान अर्धा तास चालवावा. पडद्यावर रंगीत ठिपके उमटले, पंख्याची घरघर आली किंवा संगणक बंद पडला तर कार्ड परत द्यावे. कार्डावरील अनुक्रमांक मूळ बिलावर असेल आणि वॉरंटीचे वर्षभर तरी शिल्लक असेल तरच निम्मी किंमत योग्य समजावी. बिल नसेल तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक देऊ नये.