गुरांना दिलेलं जंतनाशक खरंच लागू पडलं का, हे कसं तपासायचं?

औषध देण्याच्या दिवशी आणि साधारण १४ दिवसांनी त्याच जनावरांच्या शेणातली जंतांची अंडी मोजून घ्या. गोल जंतांची अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील, तर औषध नीट चाललं नाही असा संशय घ्यायचा. जागतिक पशुवैद्यकीय परजीवीशास्त्र संघटनेच्या १९९२ च्या मार्गदर्शक सूचनांपासून ९५ टक्क्यांची ही मर्यादा रूढ आहे. उदाहरणार्थ, आधी सरासरी एका ग्रॅममागे ४०० अंडी होती आणि नंतर ६० उरली, तर घट ८५ टक्केच. शेण जमिनीवरून उचलू नका, थेट गुदद्वारातून घ्या, थंड ठेवा आणि लवकर प्रयोगशाळेत पोचवा. वासरं निवडा, शक्यतो दहा-पंधरा तरी. मोठ्या गाईंच्या शेणात मुळातच अंडी कमी असतात, त्यामुळे त्यांच्यावरून हिशेब लागत नाही. दुसरा नमुना कधी घ्यायचा हे औषधावर ठरतं. लेव्हामिसोल दिलं असेल तर आठवड्याभरात चालतो, आयव्हरमेक्टिनला मात्र दोन आठवडे थांबाच, कारण त्याने जंत न मरताही काही दिवस अंडी घालणं थांबवू शकतात. पण आकडा वाईट आला म्हणून जंत आता औषधाला दाद देत नाहीत, असं लगेच धरू नका. बऱ्याचदा वजन अंदाजाने धरल्यामुळे मात्राच कमी गेलेली असते, किंवा औषध मुदतबाह्य असतं. आणि यकृतातल्या पर्णकृमीसाठी, म्हणजे पानासारख्या चपट्या जंतासाठी, ही मोजणी उपयोगाची नाही, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते.