रॅम्पवरून उतरल्यावर कपड्यांचं काय?

प्रश्न : सीडी, वेफर्सची पाकिटं, वर्तमानपत्रं यांचे ड्रेस करून पर्यावरणपूरक फॅशन शो करायचं आमच्या गटाने ठरवलंय. कल्पना कशी वाटते?

फोटो झकास येतील, पण दुसऱ्या दिवशी ते ड्रेस कुठे जाणार? कागदाला गोंद आणि चमकी लागली की तो रद्दीतही जात नाही. सुटा असताना निदान वेगळा करता आला असता! माझी अट एकच : रॅम्पवर आलेला कपडा नंतर कुणीतरी एरवीही घालायला हवा. जीन्सचं जाकीट, पडद्याचा घेरदार स्कर्ट, मोठ्या माणसाच्या शर्टाचा लहान मुलीसाठी फ्रॉक. शर्टाची कॉलर विरते, पण पाठीचं कापड बहुधा धड असतं. बटणपट्टी उसवू नका. ती तशीच फ्रॉकच्या पाठीवर घेतली की काजं करायचं काम वाचतं.

प्रश्न : स्पर्धक 'शंभर टक्के सुती' म्हणतात. खात्री कशी करायची?

शिवणीच्या आतले दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरून पेटवा. शेजारी पाणी हवंच. सूत कागदासारखा वास सोडत जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसून वितळतं, त्याचा कडक मणी होतो. रेशीम-लोकरीला केस जळल्याचा वास येतो. राखेत बोटाला खडे लागले तर कापड मिश्र आहे असं समजा. 'बांबूचं कापड' मात्र या चाचणीत ओळखता येत नाही. ते बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे वनस्पतीच्या लगद्यापासून रसायनांनी केलेला धागा, असतं आणि सुतासारखंच जळतं. पण व्हिस्कोस करताना सहसा कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन वापरतात. तिथे विक्रेत्याला खोदून विचारा.

आणि हो, जुना पॉलिस्टरचा कपडा बाद करू नका. तो तयार होऊन बसलाच आहे, आता जितका टिकेल तितका वापरलेला बरा.

प्रश्न : प्रायोजक स्वयंसेवकांना शोचं नाव छापलेले नवे टी-शर्ट देतोय. घ्यावेत का?

नकोत. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. एवढं करून तो जाणार फरशी पुसायला! त्याऐवजी शिंप्याची मजुरी मागा. ओळखीसाठी दंडाला कापडी पट्टी पुरते.

प्रश्न : मंच आणि बॅनर?

फ्लेक्स पीव्हीसी या प्लास्टिकचा असतो, तो टाळा. कापडावर रंगवा आणि तारीख घालू नका, म्हणजे पुढच्या वर्षी चालेल. शो उजेडीच ठेवला तर दिव्यांचाही खर्च नाही.

प्रश्न : इतके नियम घातले तर भाग कोण घेईल?

कोपनहेगन फॅशन वीकने २०२३पासून ब्रँडना पर्यावरणाचे किमान निकष सक्तीचे केले, तरी तो दिमाखात भरतोय. लोक नियमांना नाही, आयत्या वेळच्या नियमांना वैतागतात. ते अर्जासोबतच द्या. अर्जात एक रकाना वाढवा : 'शोनंतर हा कपडा कोण वापरणार?' तो कोरा असेल तर प्रवेश देऊ नका.