खुडूक कोंबडी बसलीय, पुढे काय? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्याकडे चार गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यातली तांबडी लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसलीय, हात नेला की फुगते आणि टोचते. सासूबाई म्हणतात खुडूक झालीय, पाण्यात बुडव नाहीतर नाकात पीस घाल म्हणजे परत अंडी द्यायला लागेल. मला पिल्लं हवीयेत. किती अंडी ठेवू? आणि पिल्लं तिच्याकडेच ठेवू की काढून खोक्यात बल्ब लावून वाढवू? (एक वाचक, लांजा)

उत्तर : सासूबाईंचं निदान बरोबर आहे, खुडूक म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसलेली कोंबडी, औषध तेवढं राहू द्या. कोंबडी गावठी, घरात कोंबडा आहे आणि तुम्हाला पिल्लं हवीत, मग तिला उठवायचं कशाला! लोक गिरिराज-वनराज आणतात आणि मग विचारतात ही बसत का नाही, अहो जास्त अंड्यांच्या नादात त्या जातींची बसायची सवयच जवळजवळ घालवलीय.

फक्त घाई नको. एकदोन दिवस तिला जुन्या अंड्यावर तशीच बसू द्या. रात्रीसुद्धा जागा सोडत नाही, पोटाखाली हात घातला तर पिसं झडून कातडी गरम लागतेय, असं दिसलं की बाई पक्की बसली. मग अंधार पडल्यावर उचलून आडोशाच्या जागी पाटीत पेंढा घालून बसवा, पेंढ्याखाली चुलीतली गार राख मूठभर टाका, कारण उवा-पिसवा झाल्या की चांगली बसलेली कोंबडी मध्येच उठून जाते आणि आपण म्हणतो हिला अक्कल नाही. पाटी जमिनीवरच ठेवा, उंचावरून पिल्लं खाली पडतात आणि परत वर चढता येत नाही.

अंडी दहा-बारा पुरे, आणि सगळी एकाच दिवशी ठेवायची. हे लोक ऐकत नाहीत. आज चार, परवा तीन असं ठेवलं की पहिली पिल्लं निघाल्यावर कोंबडी एकदोन दिवसात त्यांना घेऊन चालायला लागते आणि मागची अर्धी भरलेली अंडी गार पडून मरतात. बाकीच्या तिघीही तिच्या पाटीत गुपचूप अंडं घालून जातात म्हणून ठेवलेल्या अंड्यांवर पेन्सिलने खूण करा, बिनखुणेचं दिसलं की काढून आमलेट. अंडी आठवड्यापेक्षा जुनी नकोत, धुतलेली नकोत, फ्रीजमधली नकोत. दुकानातली पांढरी अंडी तर अजिबात नकोत, त्या कोंबड्यांनी कोंबडा बघितलेलाच नसतो. विजा कडाडल्या की अंडी वाया जातात असं मानून लोक पाटीत लोखंडी खिळा ठेवतात, सासूबाई म्हणाल्या तर ठेवा, त्यावरून वाद घालू नका.

रोज ती एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, एक मोठी घाण विष्ठा टाकते आणि धुळीत लोळून परत येते. उठतच नसेल तर हळूच उचलून बाहेर ठेवा, पण आधी पंखाखाली अंडं अडकलंय का बघा. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा, आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर चांगलं, नुसतं स्वच्छ पिवळट दिसलं तर ते काढून टाका.

आता बल्ब की आई? पिल्लं काढून घेतली तर कोंबडी लवकर परत अंडी द्यायला लागते, तिच्याकडे ठेवली तर दोन-अडीच महिने अंडी बंद, हे खरं आहे. पण चार कोंबड्यांसाठी बल्ब कशाला, त्यात लाईट गेली की सकाळी सगळी एका कोपऱ्यात चेंगरलेली. आई असली की ऊब तर आहेच शिवाय शिकवणी फुकट. ती दाणा उचलते, खाली टाकते, परत उचलते आणि कुटकुट कुटकुट करत राहते, पिल्लं तिच्या चोचीकडे बघत तोच दाणा टिपतात. मी तरी तिच्याकडेच ठेवेन.

प्रश्न : एकविसावा दिवस गेला. सात पिल्लं निघाली, तीन अंडी राहिलीत, एकाला छोटं भोक पडलंय आणि आतून चिवचिव ऐकू येते. फोडून मदत करू का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नको. भोक पाडल्यानंतर पिल्लाला बाहेर यायला अर्धा दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो, तोवर ते आतलं रक्त आणि पिवळा बलक पोटात ओढून घेत असतं. तुम्ही टवका काढलात की रक्त येतं आणि पिल्लू संपतं. निघालेली सात पिल्लं उपाशी आहेत असंही समजू नका, पोटातल्या बलकावर ती दोन दिवस आरामात काढतात. आणखी एकदोन दिवस बघा, नंतर आवाज नसलेली अंडी पाटीतून काढून लांब पुरा, फुटली तर वासाने जेवण जाणार नाही.

प्रश्न : मागच्या वेळी आईबरोबर अकरा पिल्लं सोडली होती. पाच घारीनं नेली, दोन मांजरानं, दोन अशीच मान टाकून मेली. यावेळी बॉक्समध्येच वाढवावीत का? (एक वाचक, वाई)

उत्तर : यात आईचा काय दोष! घार दिसली की ती आवाज बदलते आणि पिल्लं पळत पंखाखाली घुसतात, पण अंगण मोकळं असेल तर पळून जाणार कुठे. पहिले दोन आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली (कोंबड्या झाकायच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवा, नंतर संध्याकाळी तासभर आपण समोर असताना बाहेर. रात्री खुराड्याला खालपर्यंत जाळी हवी, मुंगूस दोन बोटांच्या फटीतूनही घुसायला बघतं.

खाणं वेगळं ठेवा. आई उकरून सगळं उधळते आणि मोठ्या कोंबड्या पिल्लांचं लाटतात, म्हणून एक उलटं डालगं असं ठेवा की पिल्लू आत जाईल, कोंबडी जाणार नाही, आणि त्यात चिक स्टार्टर म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत, वाळवीचं ढेकूळ मिळालं तर टाका, मग बघा तुटून पडतात की नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर फीड मात्र पिल्लांना नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं. पाण्याच्या ताटलीत चार खडे टाका, नाहीतर त्यात बुडून मरतात.

मान टाकून मेलेल्यांचं न बघता सांगता येणार नाही, पण मान वाकडी होऊन, हिरवट हगवण लागून गेली असतील तर मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाचा संशय घ्यावा लागतो. पाचव्या ते सातव्या दिवशी त्यावरच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा जास्त डोस असतात आणि एकदा कालवली की तासा-दोन तासात संपवावी लागते, म्हणून आळीतल्या सगळ्यांची पिल्लं एकाच संध्याकाळी धरा, बाटली बर्फात आणा. पुढचे डोस जनावरांच्या दवाखान्यात विचारून घ्या.

प्रश्न : हॅचरीतून वीस पिल्लं आणणार आहे. खुडूक कोंबडी त्यांना सांभाळेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सांभाळते, पण ती आधी दोन-अडीच आठवडे बसलेली हवी आणि पिल्लं एकदोन दिवसांचीच हवीत. मोठी पिल्लं तिला आई मानत नाहीत आणि तीही त्यांना टोचते. रात्री उशिरा खालची अंडी काढायची आणि एकेक पिल्लू पोटाखाली सरकवायचं, टॉर्च लावायचा नाही. पहाटे लवकर उठून बघा, एखादीला परकी पिल्लं चालत नाहीत, मारायला लागली तर लगेच काढा. आणि वीस जास्त होतात, थंडीत तर बारा-तेराच नीट पंखाखाली मावतात. उरलेल्यांसाठी दुसरी खुडूक शोधा नाहीतर बल्ब लावा.